बरणीवर कोणाचे नाव?

गेल्या दिवाळीत आमच्या घरी अमेरिकेहून एक बाटली आली. माझा भाचा कॅन्सस सिटी या शहरात नोकरीला असतो. चार वर्षांनी तो घरी आला. त्याच्या पेटीतून प्रत्येकासाठी काही ना काही निघाले आणि सर्वांत शेवटी, दोन टॉवेलांत गुंडाळलेली एक काचेची बाटली निघाली. आत काळपट तांबड्या रंगाचे काहीतरी दाट भरलेले होते.

"मामा, ही तुम्हाला. माझ्या शेजाऱ्यानं दिलीय. घरी केलेला बार्बेक्यू सॉस आहे."

दिवाळीचे घर माणसांनी भरलेले होते. सगळे हसले. माझी थोरली बहीण, म्हणजे भाच्याची आईच म्हणाली, "साता समुद्रांपलीकडून आणलं काय, तर टोमॅटोची चटणी!"

पण थालीपिठाबरोबर ती चटणी चाखली आणि हसणे थांबले. आधी गोड, मग आंबट, गिळल्यावर मागून येणारे तिखट, आणि या सर्वांखाली चुलीच्या धुराचा पुसटसा वास. बाटलीवर हाताने लिहिलेला कागद चिकटवला होता. भाच्याने तो वाचून दाखवला: टोमॅटो, व्हिनेगर, मिरची, मोहरी, आणि मोलॅसिस, म्हणजे आपल्या काकवीची काळी कडसर बहीणच म्हणा. खाली तारीख होती, करणाऱ्याची सही होती, आणि सहीच्या वर दोनच शब्द होते: "माशाविना केला."

हे काय, म्हणून विचारले तेव्हा कळले की, या सॉसमध्ये पुष्कळदा वूस्टर सॉस घालतात आणि त्यात अँकोव्ही नावाची बारीक मासळी असते. भाच्याच्या घरची माणसे मासे खात नाहीत हे शेजाऱ्याला ठाऊक होते. म्हणून आपल्या नेहमीच्या कृतीतून त्याने ते काढून टाकले आणि आंबटाची भर दुसऱ्या वस्तूने केली. आम्हाला कधीही न पाहिलेल्या माणसाने आमचा विचार करून एक पदार्थ केला होता.

मी म्हणालो, "तुझ्या शेजाऱ्याची बायको मोठी सुगरण दिसते."

"बायकोचा काय संबंध, मामा? हा त्यानं स्वतः केलाय. निवृत्त पोस्टमन आहे तो. दर नाताळात पंधरा-वीस बाटल्या करतो आणि वाटतो."

आता मला चढले. परक्या देशापुढे आपले काही कमी दिसता कामा नये, हा आपला स्वभावच आहे. मी म्हणालो, "त्यात काय एवढं? आपल्याकडेही ही चाल आहे. गेली वीस वर्षं दर दिवाळीला मी घरच्या लिंबाच्या लोणच्याच्या बाटल्या वाटतोय. दुकानातला खोका मी कुणाच्या हातात ठेवलेला नाही!"

माझी मुलगी नववीत आहे. ती चकलीचा तुकडा मोडता मोडता सहज म्हणाली, "बाबा, तुम्ही कुठं करता? तुम्ही तर नुसत्या चिठ्ठ्या लिहिता."

पुन्हा सगळे हसले. मी हसू शकलो नाही. आज वर्षभराने हा लेख लिहितो आहे तो त्या एका वाक्यामुळे.

वाचकहो, पोरीचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मी नगर जिल्ह्यातला, म्हणजे आता म्हणायचे अहिल्यानगर जिल्ह्यातला, एका शाळेतला चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपुरते आणि पुढे चित्रकलेच्या परीक्षा. शिवाय चार कादंबऱ्या लिहिल्यामुळे गावात थोडी ओळख. माझे अक्षर बरे आहे. तेव्हा आई आणि ही लोणचे घालीत, बाटल्या भरीत, आणि मी शेवटच्या दिवशी ऐटीत बसून बोरूने चिठ्ठ्या लिही: "घरचे लोणचे. गोड मानून घ्यावे." खाली माझे नाव, आणि नावापुढे "व परिवार". दोन बायकांचे महिनाभराचे काम त्या "व परिवार" एवढ्या जागेत मावत असे! आणि आभार कोणाला मिळत? रस्त्यात, शाळेत, ग्रंथालयात लोक मला अडवून म्हणत, "मास्तर, काय लोणचं आहे तुमचं!" मी नम्रपणे मान लववीत असे. लेखकाला स्तुती झेलण्याची सवय असते.

एक गोष्ट आणखी वाईट. घरच्या भेटीची थोरवी सांगणारे लेखही मी लिहिले आहेत. खोक्यातली मिठाई कशी निर्जीव, तीच या घरून त्या घरी कशी फिरत राहते, आणि घरच्या वस्तूत कसा जिव्हाळा असतो, हे मी मोठ्या रसाळपणे मांडले होते. ते सारे लेख मी आज या ठिकाणी मागे घेतो. माझे आजचे म्हणणे असे आहे: दुकानातून आणलेला मिठाईचा खोका ही एक प्रामाणिक भेट आहे. दुसऱ्याच्या हातचे लोणचे आपल्या नावाने देणे ही अप्रामाणिक भेट आहे. आणि आपल्यापैकी पुष्कळ पुरुष, ज्यांना घरचे ते सर्व थोर वाटते, आयुष्यभर ही दुसऱ्या प्रकारची भेट देत आले आहेत.

खोका प्रामाणिक कसा ते पाहा. मी माझ्या पगारातून पैसे दिले. हलवायाला त्याच्या कामाचा मोबदला मिळाला. खोक्यावर त्याच्या दुकानाचे नाव ठळक छापलेले आहे. घेणाऱ्याला कळते की पदार्थ हलवायाचा, पैसे मास्तरांचे. कोणाची फसवणूक नाही. आता लोणच्याची बाटली पाहा. काम करणारीला मोबदला नाही, बाटलीवर तिचे नाव नाही, आणि घेणारा मात्र समजतो की मास्तरांनी आपल्यासाठी किती जीव टाकला! मी लेखक आहे. उद्या माझ्या कादंबरीवर दुसऱ्या कोणी आपले नाव घालून, खाली बारीक अक्षरांत "व परिवार" असे छापले, तर मी कोर्टाची पायरी चढेन. मग जो न्याय कादंबरीला तोच लोणच्याला का नसावा? कादंबरी तरी बरी-वाईट कशीही असली तर खपून जाते. लोणचे बिघडले तर बरणीसकट बाहेर टाकावे लागते. म्हणजे जोखीम लोणच्यातच अधिक.

कोणी म्हणेल, हे फार ताणले. घरातल्या घरात कसला हिशेब? मीही असेच म्हणत आलो. पण हिशेब नको म्हणणारा बहुधा तोच असतो, ज्याच्या बाजूला जमा पडलेली असते. सरकारने २०१९ साली साऱ्या देशात माणसांच्या वेळेची पाहणी केली. सहा वर्षे आणि त्यापुढच्या वयाच्या माणसांत, घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायका १०० पैकी ८१ निघाल्या, आणि पुरुष २६. जे करतात त्यांच्यापुरतेच पाहिले, तर बायकांचा दिवसाचा वेळ सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे. म्हणजे तिची पाच तास आणि त्याची दीड तासाच्या आसपास. आणि त्यातही चारांतले तीन पुरुष मुळी हिशेबातच आलेले नाहीत, कारण ते काहीच करीत नाहीत. हे बारा महिन्यांचे झाले. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात कोणी अशी पाहणी केली, तर काय आकडे येतील ते चकलीच्या सोऱ्यालाच विचारा!

भाचा परत गेल्यावर मी त्या बार्बेक्यू सॉसची थोडी माहिती काढली. त्या देशात या सॉसचे प्रांताप्रांतांनी वेगळे घराणे आहे. नॉर्थ कॅरोलिनाच्या पूर्व भागात तो पातळ असतो, व्हिनेगर आणि मिरचीचा. टोमॅटोचा तिथे स्पर्शही चालत नाही. साउथ कॅरोलिनात मोहरीचा पिवळा सॉस होतो. कॅन्सस सिटीचा म्हणजे आमच्या बाटलीतला, टोमॅटो आणि मोलॅसिसचा, दाट आणि गोडसर. पण या चवींच्या मागे एक जुनी, कडू गोष्ट आहे. दक्षिणेकडच्या मोठमोठ्या मळ्यांवर मेजवान्या होत. जमिनीत चर खणून, त्यात निखारे करून, रात्रभर जागून मांस भाजण्याचे आणि त्यावर आंबट-तिखट पाणी शिंपडत राहण्याचे काम काळे गुलाम करीत. मेजवानी मात्र मालकाच्या नावाने गाजे. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. पुढे १९०८ च्या सुमारास हेन्री पेरी नावाच्या काळ्या गृहस्थांनी कॅन्सस सिटीत भाजलेले मांस वर्तमानपत्राच्या कागदात बांधून विकायला आरंभ केला. त्यांचा सॉस तिखटजाळ होता म्हणतात. आज ते शहर आपल्या बार्बेक्यूचे जनक म्हणून त्यांचे नाव घेते. ज्यांच्या हातांनी ही कला वाढवली त्यांच्यापैकी एकाचे तरी नाव त्या पदार्थावर लागले; पण त्याआधीच्या कित्येक पिढ्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत.

माझे घर म्हणजे मळा आणि आई म्हणजे गुलाम, असे मला मुळीच म्हणायचे नाही. तसे म्हणणे त्या गुलामांच्या यातनांची थट्टा होईल आणि आई मला घराबाहेर काढील. मला एवढेच दाखवायचे आहे की, पदार्थाची कीर्ती करणाऱ्याकडून निसटून वाढणाऱ्याकडे फार सहज जाते. तिला अडवायचे असेल, तर मुद्दाम नाव लिहावे लागते. आपल्याकडेही जिथे नाव लागले आणि दाम मिळाला तिथे काय झाले ते आठवा. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. त्यातून लिज्जत पापड उभा राहिला. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' आले, वाटी-चमच्याच्या मापांनी लिहिलेले, आणि त्यांचे नाव घरोघरी गेले. हात तेच होते. फक्त ज्या हातांनी केले त्यांचेच नाव वर आले.

उपदेश सोपा असतो. म्हणून मी ठरवले की यंदाचे लोणचे मी घालणार. घरात जाहीर केले तेव्हा ही म्हणाली, "घाला की. पण मला एकही प्रश्न विचारायचा नाही. 'मीठ कुठंय' हासुद्धा नाही." ही अट किती कडक होती ते मला पहिल्या दहा मिनिटांत कळले. वीस वर्षे ज्या घरात राहतो त्या घरात मीठ कुठे असते ते मला माहीत नव्हते.

आषाढात आमच्याकडे श्रीगोंद्याच्या बागांची लिंबे बाजारात भरपूर उतरतात. पंचवीस आणली. आईला रक्तदाब, हिच्या भावाला रक्तदाब, तेव्हा आधुनिक माणसाप्रमाणे मी मीठ निम्मे केले. आपण आरोग्याचा विचार केला म्हणून दोन दिवस स्वतःवर खूश होतो. तिसऱ्या आठवड्यात दादरा सोडला, तर वर पांढरीशुभ्र बुरशी! आई ओसरीवरून बघत होती. म्हणाली, "मीठ कमी केलंस ना? मीठ कमी खायचं असेल तर लोणचं कमी खा. लोणच्यातलं मीठ कमी करू नको."

या एका वाक्यात लोणच्याचे सगळे शास्त्र आहे. मीठ सालीतले आणि गरातले पाणी ओढून घेते. तो खारट-आंबट रस फोडींच्या वर आला पाहिजे, म्हणजे त्यात बुरशीला जगता येत नाही. मीठ कमी पडले की रस कमी सुटतो, वरच्या फोडी कोरड्या उघड्या राहतात आणि तिथून घाण लागते. पंचवीस लिंबे उकिरड्यावर गेली. कादंबरीच्या वाईट प्रकरणासारखी ती मला दिवाळी अंकात खपवता आली नाहीत.

श्रावण सरता सरता पुन्हा पन्नास लिंबे आणली. या वेळी ती आईने निवडली. पातळ सालीची, हातात जड लागणारी, डाग नसलेली. ती धुतली, एकेक पुसून सावलीत पसरली, सुरी आणि पाट कोरडे केले. एका लिंबाच्या आठ फोडी, प्रत्येक फोडीतली बी काढायची, कारण बी राहिली तर लोणचे कडू होते. चाळिसाव्या लिंबाला बोटाला सुरी लागली, आणि कापलेल्या बोटावर लिंबाचा रस म्हणजे काय ते मी कोणत्याही कादंबरीत अजून लिहू शकलेलो नाही. सव्वादोन किलो लिंबांना अर्धा किलो मीठ आणि हळद लावून चिनी मातीच्या बरणीत भरले. पितळेच्या पातेल्यात ठेवले असते तर कळकले असते; हे मला आईने सांगण्याआधीच ठाऊक होते, आणि तेवढ्या एका ज्ञानाचा मला फार अभिमान वाटला. तोंडाला दादरा बांधला. मग रोज सकाळी बरणी उन्हात, कोरड्या लाकडी चमच्याने ढवळणे, आणि पावसाची सर आली की वर्गातले चित्र अर्धवट टाकल्यासारखे धावत जाऊन ती आत आणणे. तीन आठवड्यांनी फोडी मऊ आणि तपकिरी झाल्या. मग चिरलेला गूळ, तिखट, तेलात तळून कुटलेली मेथी आणि हिंग.

मास्तरला टाचणवहीची सवय असते. मी वेळेचे टाचण ठेवले. निवडणे, धुणे, पुसणे दीड तास. चिरणे आणि बिया काढणे सव्वातीन तास. उन्हात ठेवणे, ढवळणे, आत आणणे रोजची दहा मिनिटे, एकवीस दिवसांचे साडेतीन तास. मसाला दीड तास. बाटल्या उकळून, वाळवून भरणे सव्वादोन तास. एकूण बारा तास आणि बारा बाटल्या. सरावलेला हात हे काम निम्म्या वेळात करील. तरीही वीस दिवाळ्यांचे शे-सव्वाशे तास मी दुसऱ्यांच्या खात्यातून काढून आपल्या नावावर जमा केले आहेत. आणि हे फक्त लोणच्याचे झाले.

आणखी एक गोष्ट या कामाने शिकवली. खोका आदल्या दिवशी आणता येतो. लोणच्याला मुरायला दोन महिने लागतात. म्हणजे कार्तिकात ज्याला भेट द्यायची तो माणूस भाद्रपदात आठवावा लागतो. लिंबे चिरताना मी त्या बारा घरांचा विचार करीत होतो. समोरच्या आजोबांना तिखट सोसत नाही, त्यांच्यासाठी दोन बाटल्यांत तिखट घातलेच नाही. हिच्या भावाला रक्तदाब, त्याला या वर्षी लोणचे द्यायचे नाही. त्याला मी त्याच्या घराचे चित्र काढून देणार आहे. वीस वर्षे मी त्याला मिठाची बाटली देत आलो आणि त्यावर सुंदर अक्षरात "गोड मानून घ्यावे" लिहीत आलो! पोस्टमनच्या "माशाविना"चा अर्थ मला आता पुरता कळला. जो करतो त्यालाच खाणाऱ्याचा विचार करणे भाग पडते. जो नुसत्या चिठ्ठ्या लिहितो त्याला सगळी घरे सारखीच.

आता आक्षेपांकडे वळतो. पुरुषांना वेळ नसतो, हा पहिला. बारा तास दोन महिन्यांत निघत नाहीत असे म्हणणाऱ्याने क्रिकेटच्या एका सामन्याचे तास मोजावेत. ज्याला खरोखरच वेळ नाही त्याने खुशाल खोका आणावा, किंवा गावातल्या बचत गटाच्या बायकांकडून मागतील त्या भावाने लोणचे घ्यावे आणि त्यांचे नाव बाटलीवर तसेच राहू द्यावे. घासाघीस मात्र करू नये. मिठाईच्या दुकानात घासाघीस न करणारे गृहस्थ लोणचेवालीपाशी पाच रुपयांसाठी अडून बसतात, हे मी पाहिले आहे.

दुसरा आक्षेप, "आईच्या हातची चव पुरुषाच्या हाताला कशी येणार?" ही स्तुती मीही हजारदा केली आहे, आणि आता तिचा मला संशय येतो. चव हातात असते असे एकदा ठरवले, की तो हात चुलीपासून हलवायला नको. प्रत्यक्षात चव मिठाच्या मापात, कोरड्या सुरीत आणि रोजच्या ढवळण्यात असते, आणि ती शिकता येते. माझे लोणचे आईच्या लोणच्याइतके चांगले नाही. पण आईचे पहिले लोणचेही तिच्या सासूच्या लोणच्याइतके चांगले नव्हते, असे तिनेच मला परवा सांगितले.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड, कारण तो माझ्या घरातूनच आला. पन्नास लिंबे आणली त्या संध्याकाळी आई जेवताना गप्प होती. मी विचारले तेव्हा म्हणाली, "सगळं तूच करणार, तर मी आता कशाला?" मला उत्तर सुचले नाही. जे काम मी ओझे म्हणून उचलायला निघालो होतो, तेच सत्तरी ओलांडलेल्या बाईची घरातली जागा होते. ते न विचारता काढून घेणे हाही एक अन्यायच. वाद घालणाऱ्या माणसांना, माझ्यासारख्यांना, हे उशिरा दिसते. म्हणून दुसऱ्या दिवशी बाजारात तिला बरोबर नेले आणि लिंबे तिने पारखली. मीठही तिच्याच सांगण्याने पडले. कष्ट माझे, विद्या तिची. तेव्हा कोणी असे समजू नये की मी बायकांना स्वयंपाकघराबाहेर काढायला निघालो आहे. ज्यांना करायचे आहे त्यांनी करावे, हौसेने करावे. पण केलेल्यावर त्यांचे नाव असावे, आणि न करणाऱ्याने आपले नाव त्यावर घालू नये.

परवा मी बारा चिठ्ठ्या लिहिल्या. अक्षर तेच, बोरू तोच, मजकूर मात्र बदलला. "लिंबे पारखली आणि कृती सांगितली:" यापुढे आईचे संपूर्ण नाव. "केले:" यापुढे माझे. हिचे नाव मी लिहिले नाही, कारण तिने यंदा यात खरोखरच काही केले नाही, आणि तेच तिला हवे होते. त्या रविवारी दुपारी मी लिंबे चिरत होतो तेव्हा ती पलंगावर पडून ग्रंथालयातली कादंबरी वाचत होती. कादंबरी माझी नव्हती, एवढे नमूद करतो. आईला चिठ्ठी दाखवली. चष्मा लावून तिने ती वाचली आणि म्हणाली, "एवढं मोठं नाव कशाला? सगळ्यांना माहितीये." थोड्या वेळाने माझ्या मुलीला हाक मारून तिने तीच चिठ्ठी तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतली.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा फराळाची ताटे या घरून त्या घरी चाललेली असतील. माझी आपल्याला एकच विनंती आहे. ताट हातात घेऊन निघालेल्या गृहस्थांनी दारात पोचल्यावर "आमच्याकडचा फराळ" असे म्हणू नये. चकली कोणी केली, करंजी कोणी भरली, ते नाव घेऊन सांगावे. आणि घेणाऱ्यांनीही आभार योग्य माणसाकडे पोचवावेत. त्याला काही खर्च येत नाही. नावे सांगताना आपले नाव एकदाही येत नाही असे ज्याच्या ध्यानात येईल, त्याने पुढच्या भाद्रपदात पन्नास लिंबे आणावीत. मीठ अर्धा किलो. कमी करू नये.

बारातली एक बाटली कॅन्सस सिटीला जायची आहे. भाच्याचा एक मित्र डिसेंबरात परत निघणार आहे, तो नेईल. मी पोस्टमनसाहेबांना त्यांच्या पद्धतीने चिठ्ठी लिहिली आहे: लिंबू, मीठ, गूळ, मिरची, हळद, मेथी, हिंग, तारीख, आणि सही. सही या वेळी माझीच आहे.